जॉन रिप्ली फ्रीमन

जॉन रिप्ली फ्रीमन (जन्म : वेस्ट ब्रिजटन, मेन, अमेरिका, २७ जुलै १८५५, मृत्यू : प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड, ६ ऑक्टोबर १९३२) हे अमेरिकन स्थापत्य अभियंता, जलगतिकीतज्ज्ञ आणि कारखान्यांच्या आगविमा क्षेत्रातील अग्रणी होते. आगीवर टाकल्या जाणाऱ्या पाण्याचा दाब, प्रवाह आणि नळातील घर्षण यांचे त्यांनी केलेले मोजमाप अग्निसंरक्षण अभियांत्रिकीच्या पायाभूत कामांत गणले जाते. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स (१९०५) आणि अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स (१९२२) या दोन्ही संस्थांचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. स्वयंचलित स्प्रिंकलर यंत्रणेचा शोध त्यांनी लावलेला नाही. मात्र अशी यंत्रणा अंदाजाने न उभारता आकडेमोड करून आखता येते, या विचाराला प्रयोगाचा आधार त्यांच्या कामामुळे मिळाला. आज स्प्रिंकलर आरेखनाच्या व्यावसायिक प्रशिक्षणात जी गणिते शिकवली जातात, त्यांपैकी काहींचा उगम या कामापर्यंत मागे नेता येतो.

== शिक्षण आणि लॉरेन्स येथील उमेदवारी ==

फ्रीमन यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेतून १८७६ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याच वर्षी ते मेरिमॅक नदीकाठच्या लॉरेन्स या गिरणगावात एसेक्स कंपनीच्या नोकरीत रुजू झाले. नदीवर धरण बांधून कालव्यांवाटे गिरण्यांना जलशक्ती विकणे हा या कंपनीचा व्यवसाय होता. कोणत्या गिरणीने किती पाणी वापरले यावर पैसे ठरत असल्यामुळे पाण्याचे अचूक मापन हा तेथे व्यवहाराचाच भाग होता. कंपनीचे मुख्य अभियंता हायरम मिल्स हे मोजमापाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. त्यांच्या हाताखाली फ्रीमन यांनी दहा वर्षे काम केले आणि त्यांचे प्रमुख साहाय्यक झाले.

लॉरेन्सच्या वरच्या बाजूस, त्याच नदीवरील लोवेल या गावी जेम्स बी. फ्रान्सिस यांनी जलमापनाची परंपरा आधीच घालून दिली होती. फ्रान्सिस यांचे नाव आज त्यांच्या टर्बाइनमुळे घेतले जाते. लोवेलच्या गिरण्यांत आगीच्या बंदोबस्तासाठी छताखाली भोके पाडलेले नळ बसवण्याचे कामही त्यांनी १८५०च्या दशकात केले होते. आग लागली की कोणीतरी जाऊन झडप उघडायची आणि मग संपूर्ण भागावर पाणी पडायचे, अशी ती योजना होती. आग जेथे नाही तेथील मालही भिजत असे आणि भोके गंजून बुजण्याचा धोका होता. तरीही नळांच्या जाळ्यातून छताखाली पाणी नेण्याची कल्पना या भागातील अभियंत्यांना अपरिचित राहिली नव्हती. फ्रीमन घडले ते याच परिसरात.

== कारखाना आगविम्याची पार्श्वभूमी ==

फ्रीमन यांचे पुढील काम समजण्यासाठी न्यू इंग्लंडमधील परस्पर आगविमा कंपन्यांची ओळख आवश्यक आहे. प्रॉव्हिडन्सचे गिरणीमालक झकरायाह ॲलन यांनी आपल्या गिरणीत आग टाळण्यासाठी बऱ्याच सुधारणा केल्या आणि विमाकंपनीकडे हप्ता कमी करण्याची मागणी केली. ती नाकारली गेली. तेव्हा ॲलन यांनी समविचारी गिरणीमालकांना एकत्र आणून १८३५ मध्ये मॅन्युफॅक्चरर्स म्युच्युअल ही परस्पर विमा कंपनी काढली. सभासद मालकांनी गिरण्या सुस्थितीत ठेवायच्या, कंपनीने त्यांची तपासणी करायची आणि वर्षअखेर शिल्लक उरलेला हप्ता सभासदांना परत द्यायचा, असे या कंपनीचे तत्त्व होते. पुढे अशा अनेक कंपन्या निघाल्या आणि त्यांनी तपासणीचे काम एकत्रितपणे चालवले. नुकसान भरून देण्यापेक्षा ते होऊच न देणे फायद्याचे, असा हिशेब असल्यामुळे या कंपन्यांना अभियंत्यांची गरज भासू लागली. इतर विमा व्यवसायात त्या काळी ही गोष्ट क्वचितच आढळे.

याच सुमारास स्वयंचलित स्प्रिंकलर कारखान्यांत येऊ लागले होते. न्यू हेवन येथील पियानो कारखान्याशी संबंधित हेन्री पार्मली यांनी १८७४ साली आपल्या स्प्रिंकलरचे एकस्व घेतले. पाणी भरलेल्या नळाच्या टोकाशी टोपण असे आणि ते कमी तापमानाला वितळणाऱ्या डाखाने बसवलेले असे. आगीच्या उष्णतेने डाख वितळला की टोपण निघून पाणी सुटे. पण डाखाच्या मागेच पाणी असल्याने उष्णता पाण्यात जाई आणि स्प्रिंकलर उघडायला उशीर होई. प्रॉव्हिडन्सचे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी १८८१च्या एकस्वात हा दोष दूर केला. त्यांनी वितळणारा सांधा पाण्यापासून वेगळा काढला आणि बाहेर पडणारे पाणी पसरवण्यासाठी समोर चकती बसवली. ज्या स्प्रिंकलरखाली आग तोच उघडणार, हे आता भरवशाने सांगता येऊ लागले.

उघडलेल्या स्प्रिंकलरमधून पुरेसे पाणी येईल की नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. तो स्प्रिंकलरच्या रचनेचा नव्हता. त्यामागील नळ, टाकी आणि पंप यांच्याशी त्याचा संबंध होता. एक स्प्रिंकलर उघडला असता नळातील दाब थोडा घटतो. दहा उघडले तर बराच घटतो. नळ बारीक असतील तर सर्वांत दूरच्या स्प्रिंकलरपाशी पोहोचणाऱ्या पाण्याला आग विझवण्याइतका जोर उरत नाही. मग आग पसरते, आणखी स्प्रिंकलर उघडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी पाणी येते. संपूर्ण यंत्रणा चालू असूनही इमारत जळून जाऊ शकते.

== अग्निशमन प्रवाहांवरील प्रयोग ==

१८८६ मध्ये फ्रीमन बॉस्टन येथे असोसिएटेड फॅक्टरी म्युच्युअल कंपन्यांच्या सेवेत अभियंता आणि विशेष निरीक्षक म्हणून दाखल झाले. पाणी मोजण्याची लॉरेन्समधील शिस्त त्यांनी आगीच्या पाण्याला लावली.

त्या काळी होज आणि नोझल यांच्याविषयी उपलब्ध कोष्टके परस्परविरोधी होती. फ्रीमन यांनी वेगवेगळ्या व्यासांची आणि आकारांची नोझल, निरनिराळ्या प्रकारचे होज आणि बदलते दाब घेऊन पद्धतशीर प्रयोग केले. नोझलच्या तोंडापाशी किती दाब असता किती पाणी बाहेर पडते, होजमध्ये दर शंभर फुटांमागे किती दाब खर्च होतो आणि धार कितपत उंच व दूर जाते, हे त्यांनी मोजले. बाहेर पडणाऱ्या धारेत बारीक पिटो नळी धरून त्यांनी धारेच्या आडव्या छेदात ठिकठिकाणी वेग तपासला. चांगल्या गुळगुळीत नोझलमध्ये हा वेग जवळजवळ सर्वत्र सारखा असतो, असे त्यांना आढळले. हे प्रयोग १८८९ साली अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या इतिवृत्तात प्रसिद्ध झाले आणि त्यांना सोसायटीचे नॉर्मन पदक मिळाले. १८९१ च्या दुसऱ्या निबंधात त्यांनी नोझल हेच पाणी मोजण्याचे अचूक साधन म्हणून वापरता येते, असे दाखवून दिले. त्यालाही नॉर्मन पदक देण्यात आले.

दुसऱ्या निबंधाचा व्यावहारिक उपयोग मोठा होता. नोझलचा व्यास आणि दाबमापकावरील आकडा एवढे हाती असले की मिनिटाला किती गॅलन पाणी सुटत आहे, हे निरीक्षकाला जागच्या जागी काढता येऊ लागले. प्रवाह हा व्यासाच्या वर्गाच्या आणि दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे दाब चौपट केला तरी पाणी दुप्पटच येते. सव्वा इंचाहून किंचित लहान, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच व्यासाच्या नोझलमध्ये दर चौरस इंचाला सुमारे ४५ पौंड दाब असता मिनिटाला सुमारे २५० गॅलन पाणी मिळते. ही धार पुढे प्रमाण अग्निशमन धार म्हणून रूढ झाली. शहराच्या जलपुरवठ्याची क्षमता अशा किती धारा एकाच वेळी चालू शकतील, या हिशेबात मांडली जाऊ लागली. हायड्रंट आणि नळ यांची शहरात मांडणी कशी असावी, यावरही फ्रीमन यांनी १८९२ मध्ये लेखन केले.

कारखान्याच्या पंपावर उत्पादकाने कोरलेली क्षमता आणि त्याचा प्रत्यक्ष प्रवाह यांत किती अंतर आहे, हे तपासण्याचे साधन आता विमाकंपनीच्या हाती आले. पंप चालवा, नोझल लावा आणि आकडा वाचा, इतके ते सरळ होते. फ्रीमन यांच्या कामाचा खरा दरारा बसला तो येथे.

== नॅशुआ येथील प्रयोग ==

स्प्रिंकलरच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र दीर्घकाळ अप्रकाशित राहिले. १८९२ च्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत न्यू हॅम्पशायर राज्यातील नॅशुआ येथे त्यांनी नळांतून व नळजोडांतून वाहणाऱ्या पाण्यावर विस्तृत प्रयोग केले. स्प्रिंकलरचे जाळे हे प्रामुख्याने लहान व्यासांच्या नळांचे आणि असंख्य जोडांचे असते. मुख्य नळापासून फांद्या फुटत जातात आणि प्रत्येक वळणावर एल्बो, प्रत्येक फाट्यावर टी येतो. सरळ नळात किती दाब खर्च होतो हे सांगणारी सूत्रे तेव्हाही होती, पण जोडांमध्ये होणाऱ्या ऱ्हासाबद्दल विश्वसनीय आकडे फारसे नव्हते. फ्रीमन यांनी ते मोजून काढले.

या विषयात चुकीला किती थोडी जागा असते, हे एका उदाहरणावरून कळेल. नळाचा व्यास निम्मा केला आणि प्रवाह तेवढाच ठेवला, तर घर्षणात जाणारा दाब सुमारे तीसपट होतो. लोखंडी नळ महाग असतात आणि कंत्राटदाराला लहान नळ वापरण्याचा मोह होतो. दाब पाहून हे उघड होत नाही, कारण पाणी स्थिर असताना बारीक नळातही दाबमापक पूर्ण आकडा दाखवतो. यंत्रणा अपुरी आहे हे पाणी वाहू लागल्यावरच, म्हणजे बहुधा आग लागल्यावरच समजते.

हे निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले ते १९४१ साली. फ्रीमन यांच्या मृत्यूला तेव्हा नऊ वर्षे आणि प्रयोगांना एकोणपन्नास वर्षे झाली होती. प्रकाशन अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने केले. मधल्या काळात ॲलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स यांनी १९०५ मध्ये आपली कोष्टके प्रसिद्ध केली आणि त्यांचेच सूत्र स्प्रिंकलर आरेखनात रूढ झाले. फ्रीमन यांनी हे काम वेळेवर छापले असते तर या शास्त्राची वाटचाल अधिक वेगाने झाली असती, असे म्हणण्यास जागा आहे. एकामागून एक हाती घेतलेल्या मोठ्या कामांत त्यांची ही नोंद मागे पडली.

== प्रॉव्हिडन्स आणि निरीक्षकांची पिढी ==

१८९६ मध्ये फ्रीमन प्रॉव्हिडन्सला आले आणि झकरायाह ॲलन यांनी स्थापिलेल्या मॅन्युफॅक्चरर्स म्युच्युअलसह काही परस्पर विमा कंपन्यांचे अध्यक्ष झाले. हे पद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. त्या आधी तपासणी विभागात असताना त्यांनी अभियांत्रिकीच्या तरुण पदवीधरांना निरीक्षक म्हणून घेण्याची रीत बळकट केली. या तरुणांना कारखान्याचा नकाशा काढणे, नळांचे व्यास नोंदवणे, पंपाची चाचणी घेणे आणि धोक्याचे मूल्यमापन करणे ही कामे प्रत्यक्ष जागेवर शिकावी लागत. अग्निसंरक्षणाचे औपचारिक शिक्षण देणारे महाविद्यालय तेव्हा नव्हते. त्यामुळे विमाकंपन्यांचे तपासणी विभाग हीच या विषयाची पहिली शाळा ठरली, असे म्हणता येते.

स्प्रिंकलर बसवण्याचे नियमही त्या वेळी एकसारखे नव्हते. बॉस्टनच्या आसपास शंभर मैलांच्या परिघात नळांचे व्यास आणि स्प्रिंकलरमधील अंतर यांविषयी नऊ वेगवेगळ्या पद्धती प्रचलित असल्याचे १८९५ मध्ये आढळून आले. या गोंधळातून विमा आणि स्प्रिंकलर व्यवसायातील मंडळी एकत्र आली आणि १८९६ मध्ये नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन स्थापन झाली. तिच्या पहिल्या नियमावलीने कोणत्या व्यासाच्या नळावर जास्तीत जास्त किती स्प्रिंकलर असावेत, याचे कोष्टक दिले. कोष्टकाने काम सोपे केले, कारण साध्या कारागिरालाही ते पाहून नळ निवडता येत असे. पण जलपुरवठा कमजोर असेल किंवा माल अतिज्वलनशील असेल, तर कोष्टक त्याचा विचार करीत नसे. तो विचार करायचा तर आकडेमोडच लागे.

== इरोक्वा नाट्यगृहाची आग ==

३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या खेळाच्या वेळी शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहाला आग लागली. नाताळच्या सुट्टीमुळे प्रेक्षकांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. रंगमंचावरील दिव्याच्या ठिणगीने पडद्यांनी पेट घेतला आणि सुमारे ६०० माणसे दगावली. नाट्यगृह नवे कोरे होते आणि ते अग्निरोधक असल्याची जाहिरात केली गेली होती. भिंती खरोखरच फारशा जळल्या नाहीत. पण रंगमंचावर स्प्रिंकलर नव्हते, आगीचा पडदा मधेच अडकला, रंगमंचावरील धूर बाहेर जाण्याची झरोके-व्यवस्था निकामी होती आणि बाहेर पडण्याची अनेक दारे बंद होती.

फ्रीमन यांनी या घटनेचा अभियंत्याच्या दृष्टीने अभ्यास केला. १९०५ साली मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणाचा विषय त्यांनी नाट्यगृहांतील जीवितरक्षण हाच निवडला. रंगमंचाच्या वर उष्णतेने आपोआप उघडणारे मोठे झरोके, रंगमंच आणि त्यालगतच्या खोल्यांत स्वयंचलित स्प्रिंकलर आणि पुरेसे, सहज उघडणारे दरवाजे, अशा उपायांवर त्यांचा भर होता. नेपथ्याच्या कापडावर रासायनिक लेप दिल्याने ते पेटण्याचे थांबते का, याचीही त्यांनी तपासणी केली. कारखान्यांतील मालमत्ता वाचवण्यासाठी वाढलेले ज्ञान माणसे वाचवण्यासाठी वापरण्याचा हा प्रारंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता. तोवर स्प्रिंकलर हे मुख्यतः गिरणीमालकांचे साधन होते. सार्वजनिक इमारतींत त्यांचा आग्रह धरणारे थोडे होते.

== इतर कार्य ==

विमा व्यवसाय सांभाळून फ्रीमन यांनी जलपुरवठा सल्लागार म्हणूनही मोठी कामे केली. न्यूयॉर्कच्या जलपुरवठ्यावरील १९०० चा अहवाल, बॉस्टनच्या चार्ल्स नदीवरील धरणाविषयीचा १९०३ चा अभ्यास आणि पनामा कालव्याविषयीचा सल्ला ही त्यांपैकी काही. सॅन फ्रान्सिस्कोसाठी हेच हेची खोऱ्यात जलाशय बांधण्याची १९१२ ची योजना त्यांचीच. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हे खोरे बुडवण्यास निसर्गवादी जॉन म्यूर यांनी कडाडून विरोध केला होता. १९१३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने योजनेस संमती दिली. हा वाद अमेरिकेत आजही चर्चिला जातो आणि फ्रीमन यांचे नाव सर्वत्र गौरवानेच घेतले जाते असे नाही. चीनमध्ये ग्रँड कॅनॉलच्या सुधारणेसाठीही त्यांनी काम केले. एमआयटीच्या नियामक मंडळाचे ते दीर्घकाळ सदस्य होते; संस्थेच्या केंब्रिजमधील नव्या आवारासाठी त्यांनी स्वतःहून एक आराखडा केला होता, पण काम दुसऱ्या वास्तुविशारदाकडे गेले.

आयुष्याच्या उत्तरार्धात तरुण अभियंत्यांच्या शिक्षणाकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. युरोपात, विशेषतः जर्मनीत, नद्या आणि धरणे यांच्या लहान प्रतिकृतींवर प्रयोग करणाऱ्या प्रयोगशाळा होत्या. अमेरिकेत तशा जवळजवळ नव्हत्या. फ्रीमन यांनी स्वतःच्या पैशातून तीन अभियांत्रिकी संस्थांकडे निधी सोपवला आणि त्यातून तरुणांना युरोपातील प्रयोगशाळांत पाठवण्यासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. या प्रयोगशाळांच्या कार्यपद्धतीचे वर्णन करणारा बृहद्ग्रंथ त्यांच्या संपादनाखाली १९२९ मध्ये इंग्रजीत निघाला. वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये राष्ट्रीय जलगतिकी प्रयोगशाळा उभारण्यास १९३० मध्ये मंजुरी मिळाली, त्यामागे त्यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता.

शेवटच्या वर्षांत ते भूकंपांकडे वळले. भूकंपात इमारतींचे नुकसान किती होते आणि त्याचा विमा कसा करावा, यावरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र भूकंपात जमीन प्रत्यक्ष किती हलते हे मोजणारी उपकरणे नाहीत, हे त्यांनी वारंवार दाखवून दिले. त्यांच्या आग्रहामुळे अमेरिकन सरकारने अशी उपकरणे कॅलिफोर्नियात बसवण्यास सुरुवात केली. १० मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात त्यांवर पहिली नोंद मिळाली. फ्रीमन यांचे त्याआधी पाच महिने निधन झाले होते.

== स्प्रिंकलर आरेखनाच्या प्रशिक्षणात ==

शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९०३ मध्ये अग्निसंरक्षण अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतील या विषयाचा तो पहिला अभ्यासक्रम होय. मेरीलँड विद्यापीठात तो १९५६ मध्ये आला. पदवी नसलेल्या आरेखकांसाठी कालांतराने स्वतंत्र व्यावसायिक प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे निघाली. अमेरिकेत ‘नायसेट’ या संस्थेतर्फे पाण्यावर चालणाऱ्या अग्निशमन यंत्रणांच्या आरेखनासाठी टप्प्याटप्प्याने परीक्षा घेतल्या जातात आणि अनेक ठिकाणी नकाशे मंजूर होण्यासाठी असे प्रमाणपत्र मागितले जाते.

अशा प्रशिक्षणाचा मध्यवर्ती भाग म्हणजे जलगतिकी आकडेमोड. विद्यार्थी प्रथम इमारतीतील धोक्याचा वर्ग ठरवतो आणि दर चौरस फुटाला किती पाणी, किती क्षेत्रावर लागेल हे निश्चित करतो. मग पुरवठ्यापासून जलगतिकीदृष्ट्या सर्वांत दूरच्या स्प्रिंकलरपासून सुरुवात करून तो मागे मागे येतो. त्या स्प्रिंकलरला लागणारा दाब घ्यायचा, पुढच्या तुकड्यातील घर्षण त्यात मिळवायचे, तेथे दुसऱ्या स्प्रिंकलरचा प्रवाह जोडायचा, एल्बो आणि टी यांना सरळ नळाच्या सममूल्य लांबीत बदलून घ्यायचे, आणि असे करत पंपापर्यंत पोहोचायचे. प्रत्येक स्प्रिंकलरचा प्रवाह त्याचा के-गुणक आणि दाबाचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने मिळतो. नोझलबाबत फ्रीमन यांनी प्रयोगांनी पडताळलेला संबंध तो हाच. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १५१०५ (२००२) या स्प्रिंकलर संहितेतही हाच संबंध वापरला आहे. हायड्रंटची चाचणी घेताना धारेत पिटो नळी धरून प्रवाह काढण्याची रीतही प्रशिक्षणार्थींना शिकवली जाते.

नळाच्या व्यासावरून स्प्रिंकलरची संख्या ठरवण्याची जुनी कोष्टकपद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुख्य राहिली. मध्यम धोक्याच्या इमारतीत एक इंची नळावर दोन, सव्वा इंचीवर तीन, दीड इंचीवर पाच आणि दोन इंचीवर दहा स्प्रिंकलर, असे तिचे स्वरूप आहे. नव्या इमारतींत तिचा वापर आता अतिशय मर्यादित झाला आहे. जुन्या यंत्रणांची दुरुस्ती आणि विस्तार करताना तिचा संबंध येत असल्यामुळे अभ्यासक्रमांत ती अजून शिकवली जाते.

== सन्मान ==

दोन नॉर्मन पदकांखेरीज फ्रीमन यांना १९२३ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सचे पदक मिळाले. १९१८ मध्ये ते अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सदस्य झाले. त्यांनी दिलेल्या निधीतून चालणाऱ्या फ्रीमन शिष्यवृत्त्या अमेरिकन अभियांत्रिकी संस्थांमार्फत पुढेही दिल्या गेल्या. त्यांची कागदपत्रे एमआयटीच्या अभिलेखागारात जतन केलेली आहेत.